चेंबर शेवटी दाखवा: अणुवीज केंद्रांसाठी ईएमसी चाचणी अभियंता कसा घडवावा

नवा अभियंता विभागात रुजू झाला की त्याला पहिल्याच दिवशी ॲनेकोइक चेंबर, म्हणजे भिंतींवरून रेडिओ लहरी परतू न देणारी चाचणीची खोली, दाखवायची हौस आवरत नाही. भिंतीभर टोकदार शंकू, फिरतं टेबल, भलामोठा अँटेना. मुलं हरखून जातात. मीही बरीच वर्षं तसंच केलं आणि हाती आले ते उत्तम बटणं दाबणारे. उपकरण चाचणीत 'चालू राहिलं' एवढं ते छातीठोकपणे सांगायचे. त्या उपकरणाने नेमकं काय करत राहायचं होतं, हे विचारलं की गप्प.

अणुवीज केंद्रातल्या उपकरणांची विद्युतचुंबकीय सुसंगतता (ईएमसी), म्हणजे आजूबाजूच्या विद्युत गोंगाटात उपकरण न चुकता काम करतं का आणि स्वतः गोंगाट करत नाही ना, हे तपासायला बसणाऱ्याला हा प्रश्न आधी पडायला हवा. म्हणून आता मी क्रम उलटा लावला आहे. इलेक्ट्रॉनिक्स किंवा इन्स्ट्रुमेंटेशनची पदवी असलेल्या, पण ईएमसीचा अनुभव नसलेल्या अभियंत्यासाठी तो असा.

पहिली पायरी: उपकरणाचं काम दोन वाक्यांत

शिकाऊ अभियंत्याला एखाद्या सुरक्षा चॅनेलची आकृती द्या: सेन्सर, केबल, ट्रान्समीटर, तुलना करणारं कार्ड, ट्रिप (अणुभट्टी बंद करण्याचा आदेश) देणारा रिले. त्याच्याकडून फक्त दोन वाक्यं लिहून घ्या. या चॅनेलने काय केलंच पाहिजे आणि किती वेळात? या चॅनेलने काय कधीच करता कामा नये?

पहिलं वाक्य सगळे लिहितात: दाब ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला की अमुक मिलिसेकंदांत ट्रिप द्यायची. दुसऱ्यापाशी पेन अडतं. कारण नसताना ट्रिप देणं हाही दोष आहे, हे चटकन सुचत नाही. विनाकारण बंद झालेली अणुभट्टी म्हणजे सगळ्या यंत्रणेला बसलेला एक अनावश्यक धक्का. हस्तक्षेप या दोन्ही दिशांनी घात करू शकतो: खोटा सिग्नल उभा करून किंवा खरा सिग्नल झाकून.

इथेच 'तीनपैकी दोन' मतदानाचा विषय काढा. एक चॅनेल बिघडलं तरी उरलेली दोन निर्णय देतात, म्हणून एखादा सुटा बिघाड पचतो. विद्युतचुंबकीय हस्तक्षेप मात्र सुटा येत नाही. तिन्ही चॅनेलमध्ये एकाच बनावटीची कार्डं असतील तर एकाच वारंवारतेला तिन्ही सारखीच कच्ची असतात. मग एकाच लाटेने तिन्ही एकदम चुकू शकतात आणि मतदान चुकीच्याच बाजूने लागतं. समान कारणाने होणारा बिघाड तो हाच, आणि इतर उद्योगांपेक्षा इथली ईएमसी चाचणी कडक असण्यामागेही मुख्यतः हेच कारण आहे. या पायरीला मी पूर्ण आठवडा देतो.

दुसरी पायरी: गोंगाट कुठून येतो

केंद्राच्या आराखड्यावर लाल पेन घेऊन बसवा. मोठ्या मोटरींचे ड्राइव्ह, स्विचगिअरमधले ब्रेकर, रिले आणि सोलेनॉइडची कॉइल तुटतानाचा झटका, दुरुस्तीच्या काळातलं आर्क वेल्डिंग, वीज कोसळल्यावर अर्थिंगमधून धावणारा प्रवाह आणि माणसांच्या कमरेला लटकणारे वॉकीटॉकी. शेवटच्या दोघांकडे दुर्लक्ष होऊ देऊ नका. अमेरिकेच्या अणुनियामक आयोगाने केंद्रातल्या हातातल्या रेडिओ संचांबद्दल थेट सूचनापत्र काढलं ते १९८३ साली. संवेदनशील कार्डांजवळ संचाचं बटण दाबलं की यंत्रणा भलतीच हालचाल करते, हे तेव्हाच अनुभवाला आलं होतं.

आता फळ्यावर गणित करून घ्या. संचाची शक्ती वॅटमध्ये घ्या, अँटेनाच्या गेनने गुणा, ३० ने गुणा, वर्गमूळ काढा आणि त्याला अंतराने भागा. ५ वॅटचा संच आणि गेन १ धरला तर वर्गमूळ येतं साधारण १२.२. म्हणजे एक मीटरवर विद्युतक्षेत्र १२ व्होल्ट प्रति मीटर. उपकरणाची चाचणी बहुधा १० व्होल्ट प्रति मीटरला झालेली असते, तेव्हा एक मीटरवरचा साधा संचसुद्धा चाचणीच्या वर जातो. अगदी जवळ हे सूत्र ढोबळ होतं, पण धडा ढोबळ नाही.

हेच गणित उलटं करा. अमेरिकी मार्गदर्शक आरजी १.१८० सांगतं की सुरक्षा उपकरणांच्या आसपास रेडिओ संचांमुळे होणारं क्षेत्र ४ व्होल्ट प्रति मीटरपर्यंतच असावं. १२.२ ला ४ ने भागलं की साधारण ३ मीटर. पॅनेलसमोर जमिनीवर मारलेली मनाईची रेषा अशी येते. १० आणि ४ यांच्यातलं अंतर ८ डेसिबलचं, ती मुद्दाम ठेवलेली सवड. एवढं समजलेला अभियंता पुढे कुणी 'रेषा अर्धा मीटर आत घेऊ या का' असं म्हणालं, तर मान डोलावत नाही.

तिसरी पायरी: टेबलावरचा दहा सेंटिमीटरचा तुकडा

हस्तक्षेप उपकरणात शिरतो तो बहुतेक वेळा केबलमधून. व्याख्यानात हे सांगून डोक्यात शिरत नाही, म्हणून टेबलावर दाखवा. तांब्याचा पत्रा, शील्ड (तारेभोवतीचं धातूचं आवरण) असलेली दोन-तीन मीटर केबल, वेगवान स्पंदांचे झुबके सोडणारा बर्स्ट जनरेटर, त्याचा कपॅसिटिव्ह क्लॅम्प आणि ऑसिलोस्कोप एवढं पुरतं. आधी केबलचं शील्ड धातूच्या पट्टीने सगळीकडून गोल आवळून पत्र्याला जोडा आणि आतल्या तारेवर काय दिसतं ते नोंदवा. मग पट्टी काढा. शील्डच्या तारा पिळून दहा सेंटिमीटरची शेपटी करा, तीच जोडा आणि तेच माप पुन्हा घ्या. स्क्रीनवरचा टोकदार खांब एकदम उंचावतो. कुणीतरी हटकून म्हणतं, "पण जोडणी तर तीच आहे ना? मल्टिमीटरवर शून्य ओहम येतंय."

हाच क्षण हवा असतो. तारेच्या दर सेंटिमीटरला अंदाजे १० नॅनोहेन्री इंडक्टन्स धरा. दहा सेंटिमीटरला १०० नॅनोहेन्री. १०० मेगाहर्ट्झला त्याचा अडथळा होतो सुमारे ६३ ओहम. मल्टिमीटर डीसीचं सांगतो, बर्स्टच्या ५ नॅनोसेकंदांच्या चढाला ती शेपटी म्हणजे बंद दार. केंद्रात एखादं पॅनेल वर्षानुवर्षं व्यवस्थित चालतं आणि कार्ड बदलताना कुणी शील्ड अशा शेपटीवर आणून ठेवलं की त्रास सुरू होतो. हे टेबल पाहिलेला माणूस पॅनेल उघडल्यावर सगळ्यात आधी केबल ग्लँडकडे, म्हणजे केबल आत शिरते त्या जोडणीकडे, बघतो.

याच टेबलावर सिग्नल किती नाजूक असतात तेही दाखवा. के-प्रकारचा थर्मोकपल दर अंशाला साधारण ४१ मायक्रोव्होल्ट देतो. ॲम्प्लिफायरच्या तोंडाशी रेडिओ लहरीचं डीसी होऊन एक मिलिव्होल्ट जरी साचला तरी तापमान २४ अंशांनी हललेलं दिसेल. काहीही जळलं नाही, कुठलाही दिवा लागला नाही, आकडा फक्त खोटा झाला.

न्यूट्रॉन मोजणारं चॅनेल तर याहून नाजूक. अणुभट्टी बंद असताना ते सेकंदाला मोजकेच स्पंद मोजत असतं. बर्स्ट चाचणीत ५ किलोहर्ट्झने १५ मिलिसेकंद स्पंद सुटतात, म्हणजे एका झुबक्यात ७५, आणि झुबका दर ३०० मिलिसेकंदांनी येतो. प्रत्येक स्पंद न्यूट्रॉन म्हणून मोजला गेला तर सेकंदाला २५० ची भर. हे गणित मुलांनी स्वतः करावं. १०० किलोहर्ट्झचा पर्यायही करून घ्या, झुबका ०.७५ मिलिसेकंदाचा धरून. स्पंद तेवढेच येतात, पण एकमेकांना खेटून, आणि प्रत्यक्ष स्विचिंगच्या जवळचा तोच.

चौथी पायरी: मानकं, पण थोडक्यात

मानकं पाठ करून घेण्यात अर्थ नाही. नकाशा पुरे. आरजी १.१८० पहिल्यांदा २००० साली आलं, २००३ आणि २०१९ मध्ये सुधारलं. ते दोन कुळांच्या चाचणीपद्धती मान्य करतं: लष्करी मिल-एसटीडी-४६१ आणि आंतरराष्ट्रीय विद्युततंत्र आयोगाची (आयईसी) ६१००० मालिका. अणुवीज केंद्रांसाठीचं आयईसी ६२००३ हे वेगळं मानक २००९ चं, त्याची दुसरी आवृत्ती २०२० ची. उपकरण कोणत्या कुळाखाली चाललं आहे हे चाचणीआधी ठरायला हवं. उत्सर्जनासाठी, म्हणजे उपकरण स्वतः बाहेर सोडतं त्या गोंगाटासाठी, एका कुळातली सोपी चाचणी आणि दुसऱ्यातली दुसरी सोपी चाचणी, असं ताट वाढून घेता येत नाही.

पाचवी पायरी: चाचणी योजना, खरं शिक्षण इथे

माझ्या कार्यक्रमाचा निम्मा वेळ या पायरीला जातो आणि त्याचा मला पश्चात्ताप नाही. शिकाऊ अभियंत्याने एक पूर्ण योजना स्वतः लिहायची, मी लाल पेनाने फाडायची, त्याने पुन्हा लिहायची. तीनदा तरी.

पहिला प्रश्न निरीक्षणाचा. एका तापमान ट्रान्समीटरच्या चाचणीत आमच्या एका मुलाने कॅमेरा डिस्प्लेवर लावला आणि आकडा हलला नाही म्हणून उत्तीर्ण लिहिलं. डिस्प्ले पाच सेकंदांची सरासरी दाखवत होता. ट्रिपकडे जाणारा ४ ते २० मिलिॲम्पिअरचा आउटपुट त्याने नोंदवलाच नव्हता. पुन्हा लावला, नोंदवला, तर काही वारंवारतांना तो चांगलाच सरकत होता. तेव्हापासून नियम केला: जी गोष्ट पुढच्या उपकरणाकडे जाते तीच मोजायची. डिस्प्ले पाहुण्यांसाठी असतो.

मोजायचं ते किती सरकलं तर चालेल, तेही आधी आकड्यात लिहून ठेवायचं. १६ मिलिॲम्पिअरच्या पल्ल्यावर अर्धा टक्का म्हणजे ०.०८ मिलिॲम्पिअर. मर्यादा चाचणीनंतर ठरवली तर ती नेहमी निकालापेक्षा थोडी मोठीच निघते, हा मनुष्यस्वभाव आहे. साध्या औद्योगिक उपकरणांत 'गडबडलं आणि आपोआप सावरलं' हा ब दर्जा काही चाचण्यांना चालतो. सुरक्षा चॅनेलच्या योजनेत तो सवयीने लिहिलेला दिसला की मी कागद परत देतो. चॅनेल गडबडलेलं असतानाच अपघात झाला तर काय, याचं उत्तर आधी द्या.

दुसरा प्रश्न इनपुट कुठे ठेवायचा. सगळे पल्ल्याच्या मध्यावर ठेवतात, कारण तिथे सगळं शांत असतं. ट्रिपच्या किंचित खाली ठेवा आणि विनाकारण ट्रिप येते का बघा. मग ट्रिपच्या किंचित वर ठेवा आणि आलेली ट्रिप हस्तक्षेपाने सुटते का बघा. पहिल्या पायरीतली दोन वाक्यं आता दोन चाचण्या झाली.

तिसरा प्रश्न वेळेचा. आयईसी ६१०००-४-३ या रेडिओ क्षेत्राच्या चाचणीमध्ये वारंवारता एक-एक टक्क्याने वाढवतात. ८० मेगाहर्ट्झपासून १ गिगाहर्ट्झपर्यंत साधारण २५४ पायऱ्या होतात. उपकरणाच्या चार बाजू आणि अँटेनाच्या दोन दिशा धरल्या की दोन हजारांवर थांबे. प्रत्येक थांब्यावर एक सेकंद दिला तर ३४ मिनिटं, दहा सेकंद दिले तर साडेपाच तासांच्या वर. मग थांबायचं किती? उपकरणाला आपलं काम करून प्रतिसाद द्यायला लागतो तेवढं तरी. फिल्टरचा कालांक, म्हणजे बदलाला प्रतिसाद देण्याचा त्याचा वेग ठरवणारा वेळ, तीन सेकंदांचा असेल आणि आपण एका सेकंदात पुढे गेलो, तर उपकरणाला चुकायलाही वेळ दिला नाही. चाचणीचं वेळापत्रक व्यवस्थापकाच्या सोयीने आखलं की नेमकी इथेच काटछाट होते, म्हणून थांब्याचा हिशोब योजनेत कारणासकट लिहायला लावा.

पॅनेलचं दार उघडं की बंद, हेही योजनेतच ठरवा. देखभालीच्या वेळी दार उघडं राहणार असेल आणि चॅनेल सेवेत असेल, तर दार उघडं ठेवून चाचणी घ्या.

सहावी पायरी: आता चेंबर

इथवर आलेल्याला यंत्रं शिकवायला फार दिवस लागत नाहीत. पण काही खड्ड्यांत प्रत्येक जण एकदा पडतोच. तेव्हा आधीच दाखवून ठेवा.

क्षेत्राची पातळी मॉड्युलेशनशिवाय, म्हणजे लहरीची उंची कमीजास्त न करता, ठरवतात. त्यावर ८० टक्के ॲम्प्लिट्यूड मॉड्युलेशन चढवलं की शिखर १.८ पट होतं. शक्तीच्या हिशोबात पाच डेसिबलहून थोडं जास्त. ॲम्प्लिफायर आधीच दमलेला असेल तर ते शिखर कापलं जातं आणि चाचणी हलकी होते, स्क्रीनवर मात्र सगळं हिरवं.

केबलमधून दिल्या जाणाऱ्या रेडिओ हस्तक्षेपात, म्हणजे ६१०००-४-६ मध्ये, पातळी १० व्होल्टची असते ती उघड्या परिपथाची. कॅलिब्रेशनला ५० ओहमवर वाचन येतं त्याच्या एक षष्ठांश, साधारण १.६७ व्होल्ट. नवखा अभियंता ते पाहून गेन वाढवतो आणि उपकरणाला सहापट मार देतो. एकाने तसं केलं होतं. कार्ड वाचलं, हे त्या कार्डाचं कौतुक.

स्थिर विद्युतीच्या पिस्तुलाची अर्थिंगची पट्टी उपकरणाच्या केबलीवर लोळू देऊ नका. बर्स्टचा क्लॅम्प ग्राउंड प्लेनवरच हवा, हवेत लटकवलेला नको. निरीक्षणाच्या तारा चेंबरबाहेर काढायच्या तर फायबरने काढा, नाहीतर आपला डेटा लॉगरच हस्तक्षेप खातो आणि आपण उपकरणाला नापास करतो. सर्ज, म्हणजे वीज कोसळल्यासारख्या मोठ्या झटक्याची चाचणी, शेवटी ठेवा. तिथे १.२/५० मायक्रोसेकंदांच्या लाटेमागे खरी ऊर्जा असते आणि एखादा भाग मेला तर पुढच्या चाचण्या अडतात. त्या जनरेटरमधला कपॅसिटर बंद केल्यावरही भरलेला असू शकतो. पहिल्या महिन्यात तिथे कुणालाही एकट्याला उभं करू नका.

सातवी पायरी: नापास झाल्यावर हात खिशात

उपकरण चुकलं की पहिली ऊर्मी असते केबलवर फेराइट, म्हणजे रेडिओ वारंवारतेचा प्रवाह अडवणारं चुंबकीय कडं, लावण्याची. ती थोपवायला शिकवा. आधी नोंद: वारंवारता, पातळी, दिशा, नेमकं काय चुकलं. मग पातळी ६ डेसिबलने खाली, म्हणजे अर्ध्यावर आणा आणि हळूहळू चढवत उंबरठा शोधा. मग एकेक केबल सोडवून वाट शोधा. ३ व्होल्ट प्रति मीटरला चुकणारं उपकरण आणि ९ ला चुकणारं उपकरण, दोघांवर शिक्का 'नापास' हाच बसतो, पण दुरुस्ती वेगळी होते.

फेराइट लावून उत्तीर्ण झालंच, तर तो फेराइट आता उपकरणाचा भाग झाला. आराखड्यात यायला हवा, प्रत्येक नगात बसायला हवा, आणि आधी झालेल्या चाचण्यांवर त्याचा परिणाम होतो का हे बघून गरजेप्रमाणे त्या पुन्हा घ्यायला हव्यात. भूकंप-चाचणी झालेल्या कार्डावर दीडशे ग्रॅमचा फेराइट टांगणं हा वेगळाच विषय निघतो, आणि तो ईएमसीवाल्याने काढला तर मला फार बरं वाटतं.

आठवी पायरी: अहवाल

अहवाल दहा वर्षांनी, आपण नसताना, बदली कार्ड घेणारा कुणीतरी वाचणार आहे. त्याला फर्मवेअरची आवृत्ती, केबलचा प्रकार आणि लांबी, शील्ड कोणत्या टोकाला जोडलं होतं, दार उघडं होतं का, हे सगळं फोटोंसकट मिळायला हवं. 'नेहमीप्रमाणे जोडणी केली' हे वाक्य सापडलं की मी तिथे फुली मारतो.

जमलं तर मुलांना एकदा प्रत्यक्ष केंद्रात न्या. उपकरण बसणार त्या जागी काही दिवस क्षेत्र आणि केबलींतले प्रवाह मोजून ठेवायचे आणि ते चाचणीच्या पातळ्यांशी ताडून बघायचे. पंप सुरू होताना, ब्रेकर बदलताना आकडे कसे उसळतात हे एकदा पाहिलं की दुसऱ्या पायरीतला लाल पेनाचा नकाशा जिवंत होतो.

शेवटची परीक्षा

लेखी परीक्षा मी बंद केली. त्याऐवजी चेंबरमध्ये मांडणी तयार ठेवतो, योजना हातात देतो आणि सांगतो, 'कर'. मांडणीत तीन दोष पेरलेले असतात. एका केबलच्या शील्डची पट्टी सैल. ॲम्प्लिफायरच्या वाटेवर ६ डेसिबलचा ॲटेन्युएटर (सिग्नल कमी करणारा भाग) राहून गेलेला, त्यामुळे क्षेत्र निम्मं. आणि निरीक्षणाची तार ट्रिप रिलेऐवजी शेजारच्या मोकळ्या संपर्काला जोडलेली.

सैल पट्टी बहुतेकांना सापडते, टेबलावरचा तो तुकडा लक्षात असतो. फील्ड प्रोब ठेवून पाहणाऱ्याला ॲटेन्युएटरही सापडतो. तिसऱ्यावर मात्र चांगली चांगली मुलं घसरतात. साडेपाच तास एकही ट्रिप नोंदली जात नाही आणि ती आनंदाने उत्तीर्ण लिहून मोकळी होतात. अशांना मी महिनाभर आणखी जोडीने काम करायला लावतो. जो क्षेत्र सुरू करण्याआधी म्हणतो, "सर, एकदा हाताने ट्रिप देऊन बघतो, लॉगरवर येते का," त्याच्या नावावर दुसऱ्या दिवशीपासून स्वतंत्र चाचणी लागते.